तीस तारखेचा दिवस

मौजा खैरबोडी, ता. साकोली
२७ ऑक्टोबर १९७८

रुखमिणी हिस,

ग्रामपंचायत खैरबोडीतर्फे कळविण्यात येते की गावात ओकारी-हगवणीची साथ सुरू असून, दिवाळी व मंडईच्या जत्रेकरिता बाहेरगावच्या कोणीही गावात येऊ नये.

एवढं लिहून पाकीट बंद करणार होतो. केलं नाही. साडेतीन वर्षांनी बापाचं पत्र आलं आणि त्यातही पंचायतीची भाषा, असं तू म्हणशील. म्हण. मी सरपंच म्हणूनच लिहीत आहे. टोलीत तुझ्या सासऱ्याच्या घरी तू आणि गोपीचंद यंदा दिवाळीला येणार, असं कानावर आलं. त्यांच्या घरी कोण येतं याच्याशी माझं काही देणंघेणं नाही, हे तू जाताना मी चावडीवर चार माणसांत बोललो होतो. पण साथ टोली आणि गाव पाहत नाही.

तुझा पत्ता तुझ्या आईच्या पेटीत सापडला. लुगड्यांच्या खाली तुझी अकरा पत्रं होती. तिला अक्षर येत नाही, कोणाकडून वाचून घेत होती ते मी विचारलं नाही. पत्ता मागितला तेव्हा तिनं मुकाट्यानं पेटीची किल्ली दिली आणि म्हणाली, "सगळे वाचू नका. वरचं एकच पाहा."

दोन माणसं गेली. कुंभाराची शकुनबाई आणि जागेश्वरची तीन वर्षांची पोरगी. दोघी चोवीस तासांच्या आत. दसऱ्यानंतरच्या पावसानं तलावाची पाळ फुटली, त्याचं पाणी नालीतून वाहत मोठ्या विहिरीच्या तोंडीपर्यंत आलं होतं. मला वाटतं त्याचंच आहे. उद्या-परवा आरोग्य केंद्राचे डॉक्टर येतील, तेव्हा कळेल.

तुझी आई बरी आहे. दिवाळीचं सारवण काढलं आहे.

येऊ नका.

भय्याजी
सरपंच, ग्रा. पं. खैरबोडी


२९ ऑक्टोबर १९७८

रुखमिणी हिस,

आधीचं पत्र मिळालं असेल-नसेल. हे लिहायची गरज नव्हती. पण घरात बसवत नाही आणि बाहेर गेलं की लोक विचारतात, आता का करावं जी? मला काय ठाऊक? त्यापेक्षा लिहीत बसलेलं बरं.

डॉक्टर आज आले. तरुण माणूस आहे, सायकलवरून आला. मोठ्या विहिरीत वाकून पाहिलं, नालीचा ओघळ बोटानं दाखवला आणि म्हणाले, "सरपंच, ही विहीर आजच बंद करा." लाल दवा टाकली, पाणी जांभळं झालं. पण ते म्हणाले की एवढ्यानं भागणार नाही, नाली वळवून, विहीर उपसून, महिनाभर तरी कोणी यातलं पिऊ नये. बाकीच्या चार विहिरी पाहिल्या. सगळ्या उथळ, सगळ्या नालीच्या उतारावर.

"मग गावानं प्यावं काय?" मी म्हटलं.

"टोलीत बोरिंग आहे ना. दीडशे-दोनशे फूट खोल आहे. त्याचं पाणी चांगलं. टोलीत एकही माणूस आजारी नाही, हे तुमच्या लक्षात आलं नाही का?"

आलं होतं. माझ्याच नाही, सगळ्यांच्या लक्षात आलं होतं. कोणी बोललं नव्हतं.

दुष्काळाच्या पुढच्या वर्षी सरकारनं तो हातपंप टोलीत बसवला तेव्हा आपल्याच लोकांना हायसं वाटलं होतं, की बरं झालं, आता मोठ्या विहिरीवर पाणी मागायला कोणी उभं राहणार नाही. तू तेव्हा लहान नव्हतीस, तुला आठवत असेल.

दुपारी पंचायतीची सभा घेतली. उपसरपंच टेकचंद पहिल्यांदा बोलला. "त्याईच्या बोरिंगवर आमच्या बाया रांगेत उभ्या राहतीन? पानी उकळून पिऊ. आमचे बापजादे हेच पानी पेऊन मोठे झाले." गोदावरीबाई बायांच्या जागेवर निवडून आली तेव्हापासून सभेत तोंड उघडलं नव्हतं, ती म्हणाली, "इतकं इंधन कोनाच्या घरी हाये, टेकचंदभाऊ? आणि उकळेपर्यंत तहानेलं पोरगं थांबते का?"

मग सगळे माझ्याकडे पाहायला लागले. टोलीत जाऊन बोलायचं म्हणजे तिथल्या म्होरक्याशी बोलायचं. म्होरक्या सुखराम मेश्राम. तुझा सासरा. त्याच्या दारात कोण उभं राहणार, हे कोणी विचारलं नाही, पण सभा तिथंच येऊन थांबली होती.

मी म्हटलं, एक दिवस द्या मले. इचार करतो.

घाईनं केलेली गोष्ट टिकत नाही, एवढंच माझ्या मनात होतं. गाव एकदम हलवता येत नाही. कोतवालाकडून दवंडी दिली की पाणी उकळून प्या. विहीर बंद करायला अजून दोर आडवा बांधला नाही. बांधून लोकांना पाठवू कुठं?

बाहेर कोणीतरी हाक मारत आहे. जाऊन येतो.

जागेश्वरची बायको आजारी पडली आहे. पोरगी गेली तेच दुःख अजून ताजं. डॉक्टरांनी शाळेत खाटा टाकायला सांगितल्या आहेत, तिला तिकडं नेलं.

पत्र उद्याच्या टपालात टाकतो.

भय्याजी


३१ ऑक्टोबर १९७८

रुखमिणीस,

आज मी टोलीत गेलो.

सकाळी तिघं एकदम आजारी पडले. तेव्हा विचार संपला. अंगात सदरा घातला, पायात काही घातलं की नाही ते आठवत नाही, आणि गेलो. टोलीत शिरताना कुत्रीसुद्धा भुंकली नाहीत, सगळे दारात उभे राहून पाहत होते. मी त्या गल्लीत निवडणुकीच्या वेळेशिवाय कधी गेलो नव्हतो.

सुखराम ओसरीवर बसून दोरी वळत होता. उठला नाही. बसा म्हणालाही नाही. तुझी सासू तुळसा आतून पाण्याचा तांब्या घेऊन आली, माझ्याकडे पाहिलं, आणि तांब्या तसाच हातात घेऊन थांबली. मी घेईन की नाही, तिला माहीत नव्हतं. मलाही नव्हतं.

सुखराम म्हणाला, "पोरीचा बाप, इवाई म्हणून आले का सरपंच म्हणून?"

मी म्हटलं, "सरपंच म्हणून."

"मंग सरपंचासंगं बोलतो. बोला."

मी सांगितलं. विहीर, डॉक्टर, शाळेतल्या खाटा, सगळं. तो दोरी वळतच होता. शेवटी म्हणाला, "तुमी परवाच याले पाह्यजे होतं. डॉक्टर आमच्याकडंही येऊन गेले. आमी दोन दिवस वाट पाहून राहिलो. टोलीतल्या पोराईनं बोरिंगजवळचा चिखलही काढून ठेवला, बाया घसरू नये म्हणून."

मी वळून बोरिंगकडं पाहिलं.

"पानी घेऊन जा. आज, आता. पानी अडवायचा धंदा आमचा नाई, भय्याजी, तो तुमच्या गावाचा हाये." मग दोरी बाजूला ठेवली. "पन एक ठराव लिहून द्या पंचायतीचा. मोठी हीर साफ झाली का टोलीच्या बायाईनंही तिच्यावर पानी भरावं. कागदावर. सही-शिक्क्यानं. हे मी पान्याच्या बदल्यात मागत नाई. तुमी नाई म्हटलं तरी पानी भेटन. तरी मागून राहिलो."

रुखमिणी, मी त्याच्याशी भांडायची तयारी करून गेलो होतो. अट घालतो म्हणून चावडीवर सांगता आलं असतं. त्यानं तेवढीही सोय ठेवली नाही.

मी म्हटलं, देतो. आणि तुळसाच्या हातातला तांब्या घेतला. तहान लागली होती, बाकी काही मनात नव्हतं, असं लिहिलं तर तू विश्वास ठेवणार नाहीस.

दुपारी मोठ्या विहिरीच्या तोंडावर फळ्या ठोकल्या. संध्याकाळपर्यंत गावच्या बाया पाण्याच्या गुंड्या घेऊन टोलीच्या तोंडाशी येऊन थांबल्या होत्या, आत कोणी जाईना. तुळसानं स्वतः दांडा दाबून पहिली गुंडी भरली आणि गोदावरीबाईच्या डोक्यावर ठेवली. म्हणाली, "या माय, हात लावा. बोरिंग का चावते का?" कोणीतरी हसलं. मग रांग लागली.

ठराव रात्री लिहिणार नाही, उद्या सकाळी सभेत लिहितो. टेकचंद सही करणार नाही. बाकीचे करतील, सगळ्यांच्या घरी कोणी ना कोणी खाटेवर आहे.

तुझ्या आईला थोडी कणकण आहे. दिवाळीच्या कामाचा शीण आहे. काळजी करू नकोस.

भय्याजी


२ नोव्हेंबर १९७८

रुखमिणी,

आज भाऊबीज. मंडईचा दिवस. मी ठराव केला त्यात मंडई बंद, दंडारीचा खेळ बंद, पाहुणे बंद, असंही लिहिलं होतं, आणि ते लोकांना विहिरीपेक्षा जास्त झोंबलं. तू म्हणशील वेडे आहेत. वेडे नाहीत. वर्षातून एकदा लेकी घरी येतात, सोयरे भेटतात, पोरापोरींच्या सोयरिकी जुळतात. एकोडी, सानगडीपासून गाड्या येतात. त्या गाड्या आपलं पाणी पिऊन, आपलं जेवून परत जातील आणि तिथल्या विहिरींत हे दुखणं नेऊन टाकतील, असं डॉक्टर म्हणाले. मला ते पटलं. म्हणून सकाळपासून सानगडीच्या रस्त्यावर बैलगाडी आडवी लावून मी, गोदावरीबाईचा भाऊ आणि टोलीतली दोन माणसं उभे होतो.

चौदा गाड्या परत पाठवल्या. एका गाडीत टेकचंदची लेक होती, करडीहून दोन लेकरं घेऊन आलेली. टेकचंद धावत आला. "माही पोरगी आहे ते! आपल्या घरी येऊन राहिली. तू कोन तिले अडवनारा?"

मी म्हटलं, "सरपंच."

"तुले पोरीचं का ठाऊक? तुही तर तूच हाकलून लावली."

सगळ्यांच्या समोर बोलला. मी गाडी हटवली नाही. त्याची पोरगी गाडीत बसून रडत होती आणि लेकरं तिच्या तोंडाकडे पाहत होती. शेवटी तिनंच गाडीवाल्याला परत फिर म्हणून सांगितलं. टेकचंद गाडीमागं बराच दूर चालत गेला.

आता खरं लिहितो, कारण दुसऱ्या कोणाकडून कळण्यापेक्षा माझ्याकडून कळलेलं बरं. तुझी आई शाळेत आहे. हगवण झाली आहे. सलाईन लावलं. डोळे आत गेले आहेत पण बोलते. तिच्या खाटेजवळ तुळसा बसून असते, मीठ-साखरेचं पाणी चमच्यानं पाजते. आईनं दोनदा तुझं नाव घेतलं.

मी तुला ये म्हणत नाही. म्हणू शकत नाही. आज टेकचंदच्या लेकीला परत पाठवून आलो आहे. तिच्या चाकांच्या खुणा अजून रस्त्यावर आहेत.

ती बरी होईल, डॉक्टर म्हणतात की पाणी पोटात राहायला लागलं की माणूस उठून बसतो.

भय्याजी


४ नोव्हेंबर १९७८

रुखमिणी,

आई काल सकाळी गेली. साडेआठ वाजता. डॉक्टर तिथंच होते. मी रस्त्यावर होतो.

माती लगेच द्यावी लागली, साथीत ठेवत नाहीत. येण्यात आता अर्थ नाही, आणि रस्ता अजून बंद आहे.

भय्याजी


१९ डिसेंबर १९७८

रुखमिणी,

तुझं कार्ड मिळालं. सहा आठवडे मी रोज पोस्टमनच्या सायकलकडे पाहत होतो. आलं तर दोनच ओळींचं. "पत्रं मिळाली. आई कोणत्या तारखेला पडली ते लिहा."

कार्ड उशीखाली ठेवून दोन रात्री काढल्या. पहिल्या रात्री ठरवलं की एक नोव्हेंबर लिहावी. एक तारीख खोटी नाही म्हणता येणार, त्या दिवशी तिला शाळेत हलवलं. दुसऱ्या दिवशी पुन्हा बसलो आणि तो कागद फाडला.

आई एकतीस तारखेच्या पहाटे पडली.

मी तुला लिहिलं होतं की एकतीसला सकाळी तिघं पडले आणि म्हणून मी टोलीत गेलो. त्या तिघांत तिसरी ती होती. नुसते बाकीचे दोघंच पडले असते तर मी गेलो असतो की आणखी एक दिवस विचार केला असता, मला ठाऊक नाही. मी तुझ्या सासऱ्याच्या ओसरीवर उभा होतो तेव्हा ती घरी परसात भिंतीला धरून बसली होती, आणि मी तुला लिहिलं कणकण आहे, दिवाळीचा शीण आहे.

आणि तीस तारीख. एकोणतीसला डॉक्टरांनी विहीर बंद करा म्हणून सांगितलं. तीसला विहीर उघडी होती, कारण मी विचार करत होतो. त्या दिवशी तिनं सकाळी चार गुंड्या पाणी आणलं. सारवण, भांडी, अनारशाचे तांदूळ. दुपारी उन्हातून आली आणि रांजणात तांब्या बुडवून प्याली. उकळायचं होतं, दवंडी मीच दिली होती, पण चूल दिवाळीच्या कामात अडकली होती. मी तिथंच बसलो होतो. तिनं मला विचारलं, "तुमाले देऊ का?" मी नको म्हटलं, मला तहान नव्हती.

डॉक्टरांना मी नंतर विचारलं की कोणत्या दिवसाच्या पाण्यानं झालं असेल. ते म्हणाले, सांगता येत नाही, दोन-चार दिवस आधीचंही असू शकतं. चांगला माणूस आहे. मला सोडवायला पाहत होता.

मी तीस तारखेला कशाचा विचार करत होतो, ते विचारशील. पंचायतीचा नाही, गावाचा नाही. सुखरामच्या दारात उभं राहिलो तर लोक म्हणतील, पोरीला हाकललं आणि आता तिच्याच सासऱ्याकडं पाणी मागायला गेला. एवढाच. दिवसभर एवढाच एक विचार केला. तीस आणि एकतीस मिळून सहा माणसं आजारी पडली, त्यातली तीन गेली.

आणखी एक. एक तारखेला सुखराम मला म्हणाला, साकोलीहून नागपूरला तार करतो, पोरीला बोलावून घ्या. मी नाही म्हटलं. नाकाबंदी आहे, सरपंचाची लेक आली तर उद्या सगळं गाव येईल. ते मी आजही चूक मानत नाही. ती नाकाबंदी होती म्हणून एकोडीत, सानगडीत एक माणूस गेला नाही. पुन्हा वेळ आली तर पुन्हा तेच करीन. पण तुला खरं कळवून येऊ नको म्हणायला पाहिजे होतं. मग ते सोसायचं की भांडायचं, तू ठरवलं असतं. नाकाबंदी पंचायतीची होती, कणकण माझी होती.

शेवटच्या संध्याकाळी तिनं मला विचारलं होतं, "तुमी काल दिवसभर कोनता इचार करून राहिले होते?" तिच्या डोक्यात दिवसांचा हिशेब राहिला नव्हता, तिला तीस तारीख म्हणायची होती. मी म्हटलं, झोप. उत्तर तुला लिहिलं.

बाप


२८ जानेवारी १९७९

रुखमिणी,

तू लिहीत नाहीस, मी लिहितो. त्याला तुझी हरकत असेल तर पत्र परत पाठव, परत आलेलं नाही म्हणून लिहितो आहे.

मोठी विहीर उपसली. गाळ काढला, तोंडी नव्यानं बांधली, नाली दुसऱ्या अंगानं वळवली. पाणी दोनदा तपासून आलं. साथ संपून दोन महिने झाले. सव्वीस तारखेला झेंडावंदनानंतर ग्रामसभा होती, त्यात मी ठराव वाचला.

टेकचंद उठला. "तो दुखण्याच्या दिवसातला ठराव होता. दुखनं गेलं, ठराव गेला. कोनी बंदुकीच्या धाकानं सही केली तर ते सही धरत नाईत."

"बंदूक कोनाच्या हातात होती गा?" गोदावरीबाई बसल्या जागेवरून म्हणाली. "तुळसाच्या? तिच्या हातात तं चमचा होता. भाऊबीजेनंतर माहा भाऊ पडला, तो त्याच चमच्यानं जगला."

मग गोंगाट. श्यामराव दुकानदार म्हणाला, ठराव ठेवा कागदावर, पण टोलीला बोरिंग आहेच, त्यांना विहिरीची गरज काय? हे ऐकून बऱ्याच माना हलल्या. हा सगळ्यांना सोपा रस्ता होता. ठराव राहील, विहीर राहील, कोणी कुठं जाणार नाही.

सुखराम मागं उभा होता. मला वाटत होतं की तो बोलेल, भांडेल, मग मला मध्ये पडून काहीतरी करता येईल. तो नुसता माझ्याकडं पाहत राहिला. माझं बोट अजून कागदावरच होतं.

मी म्हटलं, "ठराव कागदावर राहायसाठी केला नव्हता." कागद खिशात घातला आणि सभेतून उठून विहिरीकडं चालायला लागलो. मागं कोण येतं पाहिलं नाही. मला भीती होती की मागं पाहिलं तर कोणीच नसेल.

तुळसा आली. पाठीमागं टोलीतल्या पाच-सहा बाया. तिनं बादली सोडली, ओढली, गुंडी भरली. हात आखडलेले होते तिचे, पाणी सांडलं. विहिरीवर गावच्या ज्या बाया होत्या त्यातल्या तिघींनी आपल्या भरलेल्या गुंड्या तिथंच ओतल्या आणि निघून गेल्या. एक थांबली. तीही थांबून काय करावं म्हणून थांबली असेल, पण थांबली.

परवापासून चार घरांनी विहीर सोडली. श्यामरावच्या खासगी विहिरीवरून पाणी नेतात. टेकचंद घरोघरी फिरतो आहे. अविश्वासाचा ठराव आणणार आहे म्हणतात.

मला रात्री झोप येत नाही, दिवसा बसवत नाही. विहिरीवर तीनदा जाऊन येतो. कोणी काही टाकेल, काही घडेल, असं वाटत राहतं. घडत नाही. बाया पाणी भरतात. टोलीच्या आधी येतात, गावच्या नंतर. एकत्र अजून नाही.

बाप


२५ मार्च १९७९

रुखमिणी,

चार दिवस झाले. त्या दिवशी बोलायचं राहिलं ते आता लिहितो.

आठ तारखेला मला सरपंचपदावरून काढलं. सातांपैकी पाच मतं विरोधात. गोदावरीबाईचं आणि माझं, अशी दोन बाजूनं. टेकचंद खुर्चीवर बसला. पहिल्याच सभेत त्यानं विहिरीचा ठराव रद्द करायला काढला, तेव्हा तालुक्याच्या साहेबांनी सांगितलं की सार्वजनिक विहीर कोणाला बंद करता येत नाही, उलट तुरुंगात जाल. म्हणजे कायदा आधीपासूनच होता. आम्हीच इतकी वर्षं त्याच्यावर फळ्या ठोकून बसलो होतो. टेकचंद आता त्याबद्दल बोलत नाही. पण विहिरीत ब्लिचिंग टाकायचं कामही पंचायत करत नाही, म्हणून रोज सकाळी मी टाकतो. पुडी आरोग्य केंद्रातून आणतो. मला कोणी सांगितलेलं नाही आणि कोणी अडवतही नाही.

एकवीस तारखेला त्यासाठीच गेलो होतो. विहिरीवर एकच बाई होती. पाठमोरी. निळं लुगडं, कडेवर पोरगं. मला वाटलं टोलीतली कोणाची सून असेल. पोरगं माझ्याकडं पाहून हसलं, मी ओळखलं नाही. कसं ओळखणार? त्याला कधी पाहिलं नव्हतं. असं काही आहे हे तुझ्या अकरा पत्रांत लिहिलं असेल, मी वरचं एकच पाहिलं होतं.

तू वळलीस.

मी तिथून निघून जाणार होतो. खरंच सांगतो, पाय मागं वळले होते. तू हाक मारली असतीस तर कदाचित निघूनही गेलो असतो. तू हाक मारली नाहीस. तू कडेवरचं लेकरू सावरलंस, बादली अर्ध्यात आली होती, एका हातानं ओढवत नव्हती. आणि तू म्हणालीस, "दोर धरा."

बाबा म्हटलं नाहीस. तुमी म्हटलं नाहीस. नुसतं दोर धरा.

मी धरला. पुडी खाली पडली, पांढरी भुकटी पायावर सांडली. बादली वर आली. तू तिच्यातलं पाणी गुंडीत ओतलंस, लेकराला ओंजळीनं पाजलंस, आधी स्वतः चाखून. मग विचारलंस, "आई याच हीरीचं पेली होती ना?"

मी हो म्हटलं.

तू बराच वेळ विहिरीत पाहत उभी होतीस. लेकरू खाली पाहायला झेपावत होतं, तू त्याला घट्ट धरलं होतंस. मग गुंडी डोक्यावर घेतलीस आणि टोलीच्या रस्त्याला लागलीस. आपल्या घरावरून गेलीस. दार उघडंच होतं, मी उघडं टाकूनच निघालो होतो. तू त्या दारासमोर थांबली नाहीस, चालही कमी केली नाही. पण लेकरू खांद्यावरून मागं पाहत होतं, वळणापर्यंत.

दुसऱ्या दिवशी मी टोलीत गेलो. तोपर्यंत तू सकाळच्या बसनं गेली होतीस. सुखरामनं या वेळी दोरी बाजूला ठेवली आणि सरकून ओसरीवर जागा केली. मी बसलो. मग मी त्याला विचारलं, "पोराचं नाव का ठेवलं जी?"

तो म्हणाला, "तिले लिहून इचारा. तेवढं तरी तिच्याचकडून आयका."

म्हणून विचारतो आहे.

तुझा बाप
भय्याजी